जागा कोणाची?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मूळचे ते दूरच्या राज्यातले. नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या धर्मग्रामात बिऱ्हाड थाटले होते. मुलगी दुसरीपासून बारावीपर्यंत इथल्याच शाळा-कॉलेजात शिकली आणि आमच्या मुलांइतकेच सफाईदार मराठी बोलू लागली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिला चांगले गुण मिळाले होते. परंतु राज्याच्या कोट्यातून अर्ज करायचा तर अधिवासाचा दाखला हवा, आणि त्यासाठी या राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवायला हवे. चार वर्षे कमी पडत होती.

"फादर, एवढेच लिहून द्या की, हे कुटुंब गेली पंधरा वर्षे या धर्मग्रामात राहते. चर्चच्या शिक्क्यावर कोण शंका घेणार?" ते म्हणाले. मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी लिहून दिले नाही. ही गोष्ट कशी कोण जाणे बाहेर फुटली, आणि त्याच आठवड्यात एका पालकांनी माझे अभिनंदन केले. "बरे केलेत, फादर! आमच्या मुलांच्या जागा या बाहेरच्यांनी का म्हणून घ्याव्यात?" त्या शाबासकीने माझी झोप उडाली. मी असत्याला नकार दिला होता. या गृहस्थांना मात्र मी एका मुलीला नकार दिला असे वाटत होते. आणि मनातल्या मनात मलाही त्या दोहोंतला फरक नीट उमगला होता का?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्यभारताबाहेरील विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते शुल्क वैध ठरवले. राज्यघटना जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते. वास्तव्य ही निराळी बाब आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यामागील एक कारण विचार करण्याजोगे होते: स्थानिक विद्यार्थी शिकून डॉक्टर झाले, तर त्यांतले बरेचसे त्याच प्रदेशात स्थायिक होऊन तेथील लोकांची सेवा करतील.

पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने या विचाराला मर्यादा घातली. राज्याचा खर्च आणि प्रदेशाचे मागासलेपण या दोन कारणांस्तव स्थानिकांना काही प्राधान्य देता येईल, परंतु सगळीच दारे बंद करता येणार नाहीत, असा तो निर्णय होता. १९८६ साली एम.बी.बी.एस.च्या एकूण जागांपैकी १५ टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्तेसाठी राखण्याचे प्रमाण ठरले, आणि सरकारी महाविद्यालयांतून तेच आजही चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये चंडीगढच्या एका प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वास्तव्यावर आधारलेले आरक्षण घटनेच्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असे त्याने ठरवले. पदवीच्या पातळीवर मात्र काही प्रमाणात ते प्राधान्य टिकून आहे.

न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. आपल्या विवेकबुद्धीचे काम आपल्याला टळत नाही.

स्थानिक पालकांचा दावा अगदीच स्वार्थी म्हणून झटकून टाकता येणार नाही. घरात भाकरी थोडी असेल, तर आई पहिला घास आपल्या लेकरांच्याच तोंडी घालते. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमालाही एक क्रम असतो, असे शिकवले आहे. जे आपल्या निकट आहेत, त्यांचे आपण अधिक देणे लागतो. परंतु त्याच संतांनी हेही सांगितले आहे की, परक्याची गरज पराकोटीची असेल, तर आप्ताला क्षणभर थांबवून आधी त्या परक्याकडे धावले पाहिजे. म्हणजे नाते हा क्रमाचा आरंभ आहे, गरज ही त्याची कसोटी आहे.

मार्ककृत शुभवर्तमानात सोर प्रांतातील एक परकी स्त्री आपल्या आजारी मुलीसाठी येशूकडे येते. आधी मुलांना जेवू दे, असे उत्तर तिला मिळते. आपल्या राज्याच्या नियमासारखेच ते कानाला लागते! पण ती बाई रागावून निघून जात नाही, आणि आपण घरचेच आहोत अशी बतावणीही करीत नाही. मी परकीच आहे हे मान्य करून ती तिथेच उभी राहते आणि आपले मागणे मांडते. तिचे मागणे मान्य होते. हा उतारा मी कितीदा तरी वाचून दाखवला असेन. पण तिचा प्रामाणिकपणा माझ्या ध्यानी आला तो त्या संध्याकाळनंतरच.

या साऱ्याचा विचार करता मला असे वाटू लागले की, ती जागा राज्याच्या मालकीची नाही आणि गुणवंताला मिळालेले बक्षीसही नाही. ती रुग्णाची ठेव आहे. कुठल्या तरी आडगावच्या आरोग्य केंद्रात ताटकळत बसलेल्या, अजून आजारीही न पडलेल्या माणसासाठी समाजाने ती राखून ठेवली आहे.

असे मानले की, दोन्ही बाजूंच्या दाव्यांना शिस्त येते. 'आमच्या मुलांच्या जागा' असे म्हणणाऱ्या पालकाने आपल्या मुलाला विचारावे, तू पदवी घेऊन इथल्या माणसांत राहणार आहेस ना? की बंधपत्राची सेवा टाळण्यासाठी दंड भरून मोकळा होणार, आणि पुढे परदेशाची वाट धरणार? तसे असेल, तर स्थानिकपणाचा दावा कागदावरच उरतो. आणि बाहेरून येणाऱ्याने स्वतःला विचारावे, मला इथली जागाच तेवढी हवी आहे, की इथली माणसेही? त्यांची भाषा शिकण्याची माझी तयारी आहे का? पंधरा वर्षांची अट म्हणजे ही बांधिलकी मोजण्याचे एक ओबडधोबड माप आहे. त्या मुलीच्या बाबतीत ते माप चुकत होते, हे मला तेव्हाही कळत होते.

मग चुकीच्या मापावर खोट्या शिक्क्याने उतारा का शोधू नये? कारण त्या संध्याकाळी माझ्या खोलीत दोनच माणसे समोर बसली होती, तरी तिसरे एक मूल दाराबाहेर उभे होते. गुणवत्ता यादीत तिच्या खालोखाल नाव असलेले, खरा दाखला जोडणारे ते मूल. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. म्हणूनच त्याच्यावर अन्याय करणे सोपे होते. दया समोरच्याला पाहते, न्यायाला न दिसणाऱ्यालाही पाहावे लागते.

पण नुसता नकार देऊन माझे कर्तव्य संपले नव्हते. सत्याचे रक्षण केले या समाधानात मी त्या बापलेकींना पावसात रिकाम्या हाती परत पाठवले, ही माझी उणीव मी येथे कबूल करतो. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. आमच्या धर्मग्रामातील एका डॉक्टरांना सोबत नेले. अखिल भारतीय कोट्याचा अर्ज आम्ही सर्वांनी मिळून भरला. त्या वर्षी प्रवेश हुकला. दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊन तिला परराज्यातील एका सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली.

तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ती भेटायला आली. म्हणाली, "फादर, वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतात, ते पुस्तकात नसतात. पहिले काही महिने मला काहीच समजेना. आता एका आजीकडून रोज पाच शब्द शिकते."

तिथे ती पुन्हा बाहेरचीच होती. पण त्या आजीला तिच्या अधिवासाचा दाखला पाहावासा वाटला नव्हता. आपले दुखणे हिला समजते की नाही, एवढेच ती पाहत होती. आपल्या धर्मग्रामात बाहेरून येऊन राहिलेली कितीतरी कुटुंबे आहेत. ती आपली कधी होतात? पंधरा वर्षांनी, की त्याआधीच? याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला कोणत्याही शिक्क्याची गरज नाही.