शेजारच्या आसनाचा हक्क

बसमध्ये आपल्या शेजारी येऊन बसणारा माणूस आपण निवडलेला नसतो. त्याचे नाव, गाव, धर्म, आजार यांपैकी काहीच आपल्याला ठाऊक नसते. अर्धा-पाऊण तास आपण एकाच बाकावर बसतो, एकच हवा श्वासात घेतो आणि आपापल्या थांब्यावर उतरून जातो. अशा माणसाचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असू तर ते फेडायचे कसे? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु कोरोनाच्या काळात या प्रश्नाने आपणा सर्वांची परीक्षा घेतली, आणि त्या परीक्षेत आम्ही स्वतः दोनदा नापास झालो. शिक्षकाला इतरांच्या उत्तरपत्रिका तपासण्याची सवय असते. आज स्वतःची उत्तरपत्रिका वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचे राहणे निगडीत आणि नोकरी उर्दू माध्यमाच्या शाळेत. रोजचे जाणे-येणे बसने, नाही तर शेअर रिक्षाने. मार्च २०२० मधली गोष्ट आहे. ९ मार्चला दुबईहून परतलेल्या पुण्यातील एका दाम्पत्याला कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. महाराष्ट्रातले ते पहिले रुग्ण. पाठोपाठ त्यांना मुंबई विमानतळावरून पुण्यात आणणारा टॅक्सीचालकही बाधित निघाला. त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. दोन-तीन दिवसांनी भक्ती-शक्ती चौकातून निघालेल्या बसमध्ये आमच्या शेजारी बसलेले एक गृहस्थ आकुर्डीच्या आसपास खोकू लागले. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, मानही वळवली होती. तरीही आम्ही एक शब्द न बोलता उठलो आणि मागे जाऊन उभे राहिलो. त्यांनी एकदा वळून आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

पुढे टाळेबंदी आली. सर्वसामान्यांसाठी बस बंद झाल्या. त्याच सुमारास दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजचे प्रकरण गाजू लागले आणि बघता बघता एका रोगाला एका जमातीचे नाव चिकटले. फळविक्रेत्यांना नाव विचारले जाऊ लागले. दाढी-टोपी हे जणू रोगाचे लक्षण ठरले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. साथीच्या किंवा आपत्तीच्या वेळी बळीचा बकरा शोधला जातो आणि या परदेशी पाहुण्यांना त्यासाठी निवडले गेल्याचा संभव दिसतो, असे न्यायालयाने नोंदवले. निकाल आला, पण तोवर लोकांच्या मनातला निकाल लागून गेला होता.

सप्टेंबर २०२० मध्ये बस पुन्हा धावू लागल्या. प्रवासी कमी, एक आड एक आसन मोकळे. एके दिवशी चिंचवडला एक वयस्कर चाचा चढले. डोक्यावर टोपी, पांढरी दाढी आणि तोंडावर नीट बांधलेला मास्क. ते एका आसनाकडे वळले, तशी पलीकडच्या आसनावरची व्यक्ती झटकन उठून दुसरीकडे गेली. तिचा स्वतःचा मास्क हनुवटीवर होता. चाचा काहीच बोलले नाहीत. आमच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. दिवसभर आम्ही मनातल्या मनात त्या व्यक्तीशी भांडत होतो. रात्री अचानक मार्चमधले ते रुमालवाले गृहस्थ आठवले. आम्हीही असेच उठलो होतो. मग फरक तो काय?

फरक आहे, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. खोकला हे लक्षण आहे. टोपी हे लक्षण नाही. खोकणाऱ्यापासून दूर होणे ही सावधगिरी, नाव आणि पेहराव पाहून दूर होणे हा संशय. सावधगिरीची एक साधी कसोटी आम्हाला सुचते. ती सर्वांना सारखी लागू होते आणि तिची सुरुवात स्वतःपासून होते. स्वतःचा मास्क हनुवटीवर ठेवून दुसऱ्यापासून पळणारा माणूस रोगाला भ्यालेला नसतो, माणसाला भ्यालेला असतो. या कसोटीवर आम्हीही पुरते उतरत नाही. आम्ही दूर झालो ते चुकले नाही. पण ज्या तऱ्हेने झालो ते चुकले. 'माफ करा, जरा मोकळ्यावर उभे राहतो' एवढे म्हणायला काय पडले होते? खिडकी उघडून देता आली असती, ते अधिक उपयोगाचे होते. हा रोग हवेतून पसरतो, बंद जागेत अधिक पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. तेव्हा मात्र आपण सगळे नाणी धूत होतो, भाजी मिठाच्या पाण्यात घालत होतो आणि थंडी वाजते म्हणून बसच्या काचा ओढून घेत होतो. भीती होती, पण भीतीचा पत्ता चुकला होता.

भीतीचा पत्ता असा नेहमीच का चुकतो? कोरोना आपल्याकडे विमानाने आला. त्या टॅक्सीचालकाने तो कुणाला नेऊन दिला नाही. त्याला तो भाडे मारताना मिळाला. तरीही पुढचे दोन वर्षे संशयाने पाहिले गेले ते रिक्षावाल्यांकडे, बसच्या वाहकांकडे, झोपडपट्ट्यांकडे, गावी पायी निघालेल्या मजुरांकडे. हे काही नवे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता तेव्हा रेल्वेच्या उतारूंना फलाटावर उतरवून तपासले जाई आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या वाट्याला ही तपासणी अधिक कठोर येई. त्याच वर्षी हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांची वाटही सरकारने रोखली होती. ती रोखण्यामागे कारण नव्हते असे नाही. पण गरिबाचे शरीर हेच रोगाचे घर, ही समजूत त्या काळापासून आपल्या सार्वजनिक जीवनात मुरली आहे. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः त्याच रोगाने गेल्या. एवढे धैर्य सर्वांकडून मागता येणार नाही. परंतु आजारी माणूस आधी माणूस असतो, एवढे तरी आपण त्यातून घ्यावे.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. त्या काळात आपल्या मोहल्ल्यांतही मास्क न लावणारे कमी नव्हते. मौत का वक्त मुकर्रर आहे, मग या फडक्याने काय होणार, असे ते म्हणत. त्यांना हजरत उमर (रजि.) यांचा प्रवास आठवून द्यावा लागतो. हिजरी १८ मध्ये ते शामकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी पुढे साथ असल्याची वार्ता कळली. त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. साथीच्या ठिकाणी जाऊ नये आणि साथीच्या ठिकाणाहून बाहेर पळू नये, ही पैगंबरांची शिकवणही तिथेच हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी सांगितली. या शिकवणीच्या दोन भागांकडे नीट पाहा. पहिला भाग आपल्या जिवाची काळजी घेतो. दुसरा भाग अनोळखी माणसाच्या जिवाची. जो साथीच्या गावातून बाहेर पडत नाही तो स्वतःला वाचवत नसतो. पुढच्या गावातल्या, कधीही न पाहिलेल्या माणसाला वाचवत असतो. म्हणजे तवक्कुलच्या नावाखाली आपला जीव धोक्यात घालण्याचा हक्क एखाद्याने सांगितला, तरी शेजाऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क त्याला कुठून मिळाला?

हा सरळ हिशेब आम्ही शाळेत, घरी, मशिदीच्या ओट्यावर अनेकांना सांगितला. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनाही फोनवर सांगितला. ते ओटा स्कीममध्ये राहतात आणि चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतात. अंगात ताप असताना ते दोन दिवस भरलेल्या गाडीतून कामावर गेले होते, असे मुलाकडून कळले. आम्ही रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, एक खाडा पडला की त्या दिवसाचा पैसा गेला. तीन खाडे पडले की गेटवर दुसरा माणूस उभा असतो. तुम्ही सांगता ते खरं आहे. पण घरी बसायलासुद्धा पगार लागतो."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते चुकले होते हे खरे. त्या गाडीत आणखी माणसे होती, त्यांच्याही घरी मुले होती. पण ती चूक एकट्या त्यांच्या खात्यावर मांडता येईल काय? ज्याला आजारपणाची पगारी रजा नाही त्याला घरी राहा असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय. सुरक्षित अंतर ही त्या काळात विकत घेण्याची वस्तू होती. ज्याच्याकडे मोटार होती त्याने ती घेतली, ज्याचे काम घरून होत होते त्याने ती घेतली. उरलेले लोक टमटममध्ये एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि मग 'लोक नियम पाळत नाहीत' असे आपण दूरदर्शनपुढे बसून म्हणालो.

इथपर्यंत लेख संपवला असता तर आम्हाला बरे वाटले असते. दोष संशय घेणाऱ्यांचा, दोष व्यवस्थेचा, आणि आम्ही न्यायाच्या बाजूला. परंतु दुसरी नापासी सांगायची राहिली आहे.

२ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आम्हाला ताप आणि खोकला झाला. कोरोना होता की साधा फ्लू, ठाऊक नाही. तपासणी केलीच नाही. शाळेत परीक्षा जवळ आली होती. हजेरीपटावर आमच्या नावापुढे पगारी रजा शिल्लक होती. तरीही आम्ही गोळी घेतली, तोंडात खडीसाखर धरली आणि बसमध्ये चढलो. मास्क खिशात होता. लावला नाही, कारण आता कुणी लावत नव्हते आणि लावला असता तर लोकांनी पाहिले असते. बस वातानुकूलित होती, काचा कायमच्या बंद. शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या, मांडीवर यशवंतराव चव्हाण रुग्णालयाच्या कागदांची पिशवी. पिंपरीपर्यंत आम्ही खोकला दाबत राहिलो, आणि जेव्हा तो दाबता आला नाही तेव्हा त्यांनी आमच्याकडे मायेने पाहून म्हटले, "पाणी आहे का बाळा? माझ्याजवळ आहे." पिंपरीला त्या उतरून गेल्या.

त्यांचे पुढे काय झाले हे आम्हाला कधीच कळणार नाही. बहुधा काहीच झाले नसेल. पण या 'बहुधा'वर आमचा काही अधिकार होता काय? चाकणला जाणाऱ्या त्या पालकाला पोटाची सबब होती. आम्हाला कोणती होती? केवळ लाज.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद सांगतात. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा करता येते. माणसाच्या हक्कात कसूर झाली तर त्या माणसाकडेच जाऊन माफी मागावी लागते, नुकसान भरून द्यावे लागते. हे आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो. बसमधल्या गुन्ह्याची अडचण नेमकी इथे आहे. ज्याचा आपण गुन्हा केला तो आपल्या थांब्यावर उतरून गेलेला असतो. ते रुमालवाले गृहस्थ, ते टोपीवाले चाचा, त्या पाणी देणाऱ्या बाई, यांपैकी कुणाला आता कुठे शोधायचे? रोग दिला असो की अपमान दिला असो, परतफेडीला पत्ताच नाही. म्हणून अनोळखी माणसाच्या बाबतीत माफी नंतर मागण्याची सोय नसते. ती आधीच्या वागण्यातूनच मागून ठेवावी लागते. खोकला असेल तर न सांगता मास्क लावणे, खिडकी उघडणे, रजा असेल तर घरी राहणे, आणि शेजाऱ्याला खोकला आला तर त्याच्या चेहऱ्याकडे संशयाने न पाहणे, ही ती आगाऊ माफी आहे.

सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत ज्यांच्याशी भले वागायचे त्यांची यादी आहे. त्यात आई-वडील, नातलग, अनाथ, शेजारी यांच्याबरोबर 'साहिबे-जंब', म्हणजे बाजूला असलेला सोबती, हाही आहे. अनेक भाष्यकारांनी त्यात सहप्रवासी धरला आहे. घडीभरची सोबतही हक्क निर्माण करते, हा विचार कोणत्याही धर्माच्या माणसाला पटावा असा आहे.

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे मे २०२३ मध्ये जाहीर झाले. पण प्रश्न संपलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि क्षयही हवेतूनच पसरतो. त्याची भीती मात्र आपल्याला बसमध्ये कधी वाटली नाही, कारण तो गरिबांचा रोग म्हणून आपण त्याच्याकडे काणाडोळा केला. पुढची साथ कधी येईल ते अल्लाहलाच ठाऊक. ती येण्याआधी ठेक्यावरच्या कामगाराला आजारपणाची पगारी रजा मिळावी, बसगाड्या वाढाव्यात, बंद गाड्यांत मोकळी हवा खेळावी, यासाठी आपण बोलले पाहिजे. आणि तोवर ज्यांना रजा आहे त्यांनी ती वापरावी.

आमच्या खिशात आता मास्क असतो. खोकला असला की तो लावतो. परवा एका मुलाने बसमध्ये विचारले, "सर, कोरोना परत आला का?" आम्ही म्हटले, "नाही बेटा, मला सर्दी झाली आहे." तो थोडा सरकला, खिडकी उघडली आणि पुन्हा आमच्याच शेजारी बसला.

आमच्यापेक्षा त्याला जास्त कळले होते.