घरी लिहिलेला प्रोग्रॅम जगाला द्यावा का?

आपल्या घरांतील मुले आता फावल्या वेळात संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. एखादा चांगला साधला की आईबापांना प्रश्न पडतो: हा सर्वांसाठी खुला करावा, की मुलाचे कष्ट म्हणून जपून ठेवावा? फुकट दिला तर दुसराच कोणी त्यावर श्रीमंत होईल, ही भीती खोटी नाही. परक्या देशात येऊन शून्यातून संसार उभा करणाऱ्यांना तर ती अधिकच वाटते.

या बाबतीत आयर्लंडमधील एका मुलीची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सेरा फ्लॅनरी कॉर्क परगण्यातली. वडील गणित शिकवणारे. स्वयंपाकघरातच फळा आणि त्यावर मुलांसाठी कोडी! १९९९ च्या जानेवारीत, सोळाव्या वर्षी, डब्लिनच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रदर्शनात तिला पहिला मान मिळाला. तिने मांडलेली गुप्तलेखनाची पद्धत तेव्हाच्या प्रचलित 'आरएसए' पद्धतीहून पुष्कळ वेगवान होती. आता ही मुलगी गडगंज होणार, अशी चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली. तिने मात्र पेटंट न घेता पद्धत उघडपणे मांडली.

मूळ कल्पना सर्वस्वी तिची नव्हती. डब्लिनच्या ज्या कंपनीत ती काम शिकायला गेली होती, तिचे संस्थापक मायकेल पर्सर यांच्या अप्रकाशित कामातून ती निघाली होती. म्हणून नाव ठेवले 'केली-पर्सर'. केली हे एकोणिसाव्या शतकातले गणिती. स्वतःचे नाव कोठेच नाही. देण्याआधी यात आपले किती, दुसऱ्याचे किती, हा हिशेब व्हायला हवा. प्रोग्रॅममध्ये तर इतरांनी लिहिलेले कितीतरी तुकडे असतात, आणि त्यांच्या अटीही.

पुढे त्या पद्धतीत मोठे छिद्र निघाले. उघड्या किल्लीवरूनच कुलूप उघडता येत होते. तिने ते झाकले नाही. वडिलांसह लिहिलेल्या 'इन कोड' या २००० सालच्या पुस्तकात सांगून टाकले. तीच पद्धत गुपचूप कोणाला विकली असती तर? छिद्र तसेच राहिले असते, आणि कदाचित चोरालाच प्रथम सापडले असते.

म्हणून ज्यावर दुसऱ्याचा पैसा किंवा पत्रव्यवहार विसंबणार, ते खुले करावे असे मला वाटते. वंशावळीचा प्रोग्रॅम असेल तर तोही द्यावा, पण त्यात भरलेली नातेवाइकांची नावे व जन्मतारखा नव्हेत. त्या मुलाच्या मालकीच्या नाहीत.

राहिली कटकट. फुकट घेणारेच उद्या 'हे बिघडले, दुरुस्त करा' म्हणून मागे लागतील. अशा परवान्यांत बहुधा 'कसलीही हमी नाही' असे लिहिलेले असते. मुलाने ते वाक्य वगळू नये.