ताऱ्यांवरचा पाहुणा आणि त्याचें घड्याळ

दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या ग्रहमालेंतून आपल्याकडे कोणी येईल काय, हा प्रश्न निघाला म्हणजे त्यावरील आक्षेप ठरलेला असतो : अंतर फार आहे. त्या आक्षेपाचें उत्तरही आतां ठरून गेलें आहे : वेगानें जाणाऱ्याचा काळ संथ चालतो, मग अंतराची मातब्बरी ती काय ? हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे असें आम्हांस वाटतें. गणिताच्या बाजूनें टळलेलें संकट नीतीच्या बाजूनें पुन्हां दाराशीं येऊन उभें राहतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम त्या उत्तराचें श्रेय त्याला देऊं. १९०५ सालीं आइन्स्टाइननें मांडलेल्या सापेक्षतावादाचा हा निष्कर्ष केवळ कागदावर राहिलेला नाहीं. विश्वकिरणांच्या आघातानें वातावरणाच्या वरच्या थरांत उत्पन्न होणारे म्यूऑन नांवाचे कण सरासरी २.२ मायक्रोसेकंदच जगतात. तेवढ्या अवधींत प्रकाशसुद्धां पाऊण किलोमीटर जात नाहीं. तरीही त्यांतील पुष्कळसे दहापंधरा किलोमीटर तोडून जमिनीपर्यंत पोंचतात. कारण वेगामुळें त्यांचें आयुष्य आमच्या घड्याळानें लांबतें. १९७१ सालीं हाफेल व कीटिंग यांनीं सीझियमचीं घड्याळें प्रवासी विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरवून आणलीं. पूर्वेकडून फिरून आलेलीं सुमारें ५९ नॅनोसेकंद मागें पडलीं, पश्चिमेकडून आलेलीं सुमारें २७३ नॅनोसेकंद पुढें गेलीं. आणि वेग व गुरुत्वाकर्षण या दोहोंचा हिशेब मांडून केलेल्या भाकिताशीं हें जुळलें.

हाच हिशेब ताऱ्यांस लावावा. सूर्याचा निकटतम शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ सालीं निघालेल्या व्हॉयेजर-१ यानाच्या, सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर, या गतीनें तेवढें अंतर तोडावयास ७५ हजार वर्षें लागतील. प्रकाशाच्या शेंकडा ९९ वेगानें जाणाऱ्यास मात्र, वेग घेण्याचा व आवरण्याचा काळ सोडून, स्वतःच्या घड्याळानें सव्वासात महिने पुरतात. एक टन वजनाला हा वेग देण्यास लागणारी ऊर्जा सर्व मानवजातीच्या सध्यांच्या वर्षभराच्या ऊर्जेच्या जवळपास भरते, आणि थांबण्याची तजवीज निराळीच. परंतु ही अडचण सामर्थ्याची आहे, व सामर्थ्य वाढूं शकतें. ती आम्ही बाजूस ठेवतों.

आतां प्रवाशाकडे न पाहतां त्याला निरोप देणाऱ्याकडे पाहूं. शंभर प्रकाशवर्षांवरून शेंकडा ९९.९९ वेगानें निघालेला पाहुणा येथें उतरेल तेव्हां त्याचें वय दीड वर्षानेंही वाढलेलें नसेल. त्याच्या घरीं मात्र शंभर वर्षें लोटलेलीं असतील, आणि लागलीच परतला तरी दोनशें. लांजव्हँ या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकानें १९११ सालींच असा प्रवासी कल्पिला होता : त्याचीं दोन वर्षें, पृथ्वीचीं दोनशें. काळाची ही सवलत जाणाऱ्याला मिळते. पाठविणाऱ्याला तिच्यांतली एक घटकाही मिळत नाहीं.

भागवतांत रैवत ककुद्मीची कथा आहे. कन्या रेवती हिच्यासाठीं वर विचारावयास तो ब्रह्मलोकीं गेला, गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यांत भूलोकीं सत्तावीस चतुर्युगें उलटलीं. मनांत योजिलेले वर गेले, त्यांचे पुत्रपौत्रही गेले. या कथेंत सापेक्षतावाद शोधण्याचा उद्योग आम्ही करणार नाहीं. परंतु आम्हांस येथें हवें तें मर्म तींत आहे : राजाचें वय वाढलें नव्हतें; त्याचा प्रश्न मात्र मेला होता.

ताऱ्यांवरून येणाऱ्याची स्थिति याहून वेगळी कशी असेल ? तो दूत असेल, तर त्याचा धनी हयात नसेल. तो जेता असेल, तर त्याच्या विजयाची वार्ता घरीं पोंचावयास आणखी शंभर वर्षें. असें साम्राज्य कोणी चालवावें? कोणी म्हणेल, त्यांचें आयुष्य हजारों वर्षांचें असेल, किंवा ते सहकुटुंबच निघतील. असेल. पण मग पहिल्यास काळाच्या सवलतीची फारशी गरजच नाहीं. आणि दुसरा पाहुणा नव्हे, तो घर मोडून निघालेला आहे. अधिक वजनाचा आक्षेप असा कीं, म्हातारा आंब्याचें झाड लावतो तें नातवांसाठींच ना ? खरें आहे. परंतु तो झाड लावून नातवांतच राहतो. येथें लावणारा नातवांस ओलांडून पुढें निघून जातो.

म्हणून असा प्रवास अनीतीचा ठरतो काय ? आमच्या मतें नाहीं. ज्ञानासाठीं घर सोडणारे सर्वकाळीं झाले, आणि त्यांचें ऋण आपण मानतों. परंतु त्यानें एक शब्द उच्चारूं नये : 'परत येईन.' तो शब्द त्याच्या घड्याळानें खरा आणि ऐकणाऱ्याच्या घड्याळानें खोटा आहे. आणि वचनाचें माप ऐकणाऱ्याच्या पदरीं काय पडतें यावरूनच केलें पाहिजे. निरोप अखेरचा आहे हें दोघांसही ठाऊक असेल, तरच तो निरोप प्रामाणिक.

१९५० सालीं एका भोजनप्रसंगीं फर्मीनें विचारलें, मग ते सारे आहेत तरी कोठें ? कदाचित् घरींच असतील, आणि येतां येत नाहीं म्हणूनच नव्हे. हा कांहीं पुरावा नव्हे. लाखांतून एकानें निरोप घेतला तरी तो पुरे. आणि तो एक खरोखरच आला, तर त्याच्या शस्त्रांची चौकशी करण्यापूर्वीं आपण एवढें लक्षांत ठेवावें कीं, दारांत उभा असलेल्या या पाहुण्याच्या मागें घर उरलेलें नसेल. रेवतीलाही अखेर परक्या युगांतच बलरामाचें घर मिळालें.