आदल्या रात्री हरलेली सकाळ

मे महिन्यात नागपूरकराच्या वाट्याला मोकळ्या हवेचे दोनच तुकडे येतात. एक पहाटे साडेपाच ते आठ, दुसरा दिवेलागणीनंतरचा. मधला सगळा वेळ उन्हाचा. पारा ४५ अंशांकडे सरकला की दारं-खिडक्या लागतात, कूलर घरघरू लागतो. दोन वर्षांच्या लेकराला बाहेर धावायचं असेल तर त्या दोन तुकड्यांतच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी झोप, हालचाल आणि बसून राहणं यांचा चोवीस तासांचा एकत्र हिशेब मांडला. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप हवी आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल. मोबाइल-टीव्हीचा पडदा दुसऱ्या वर्षापर्यंत नकोच, पुढे फार तर तासभर. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास हेच सांगते. दूरच्या नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची तेवढी सूट देते.

आता एक नेहमीचं घर घ्या. आई-बाबा कामावरून आठला येतात, जेवणं दहाला होतात, मग टीव्ही आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. लेकरू साडेअकराला झोपतं, साडेआठला उठतं, दुपारी अडीच तास झोपतं. बेरीज साडेअकरा तास. कागदावर मूल पास! पण ते उठलं तेव्हा बाहेर ऊन चढलेलं होतं. झोपेचे तास भरले, खेळाची सकाळ मात्र गेली. मग बंद घरात जेवू घालताना, रडं थांबवताना, स्वयंपाक उरकताना मोबाइल पुढे येतो. रात्रीच्या उजेडाने मेंदूतलं झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, दिवसभर न दमलेल्या अंगाला झोप लागत नाही, आणि दुसरी सकाळही तशीच जाते. ‘पोट्टं मोबाइल सोडतच नाही’ ही तक्रार दुपारी होते. तिचं मूळ आदल्या रात्रीत असतं.

म्हणून शिस्त मुलाला लावण्याआधी घराच्या घड्याळाला लावावी लागते. एवढ्याशा मुलाला स्वतःची वेळ नसते; ते मोठ्यांची वेळ उसनी घेतं. पूर्वी उन्हाळ्यात गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या पडत, तेव्हा दिवा मालवला की सारं घर एकदम आडवं व्हायचं आणि पहाटेचा उजेडच सगळ्यांना उठवायचा. त्या पालकांनी बालसंगोपनाचं पुस्तक उघडलं नव्हतं. ते फार शहाणे होते असंही नाही; झोपेची वेळ घराची होती, एकट्या मुलाची नव्हती, इतकंच.

हे सांगताना बोट नेहमी आईकडे वळतं, ते अन्यायाचं आहे. ज्या घरात बाईच्या हाताला दुसरा हात नाही, तिथे मोबाइल हीच तिची मदतनीस. शिवाय खेळायची जागा कुठे आहे? बालवाडी अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडकांच्या कामामुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या ओळखीचा झाला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो देशभर पोचला. शहरातल्या कित्येक अंगणवाड्या आज भाड्याच्या खोलीत भरतात. नावात अंगण आहे, दारात नाही. ते अंगण देणं हे महापालिकेचं काम आहे. रात्र मात्र घराच्याच हातात आहे.

शहरातल्या बागांत पहाटे कितीतरी आजोबा फिरताना दिसतात. त्यांचे नातू त्या वेळी घरी गाढ झोपलेले असतात. नऊ वाजता घरातले दिवे मंद झाले, बाबांनीही आपला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला, तर महिन्याभरात कदाचित आजोबांच्या चपला वाजताच नातू उठून बसेल. मग त्याला कुणी ‘जा, खेळ’ म्हणायची गरज नाही. तो आधीच दारात उभा असेल.