शिकवणाऱ्या हाताचा हिशेब

1951 च्या उत्तरार्धात विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात मतपेट्या तयार होत होत्या. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवायची आणि तिच्यावरचे चिन्ह पाहून मतदाराने आपली मतपत्रिका तिच्यात टाकायची, अशी पद्धत ठरली. त्यामुळे पेट्यांची गरज लाखांच्या घरात गेली. एकट्या विक्रोळीतून बारा लाखांहून अधिक पेट्या बाहेर पडल्या. एक पेटी पाच रुपयांत बसवायची होती. तेवढ्या पैशांत प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळे कुलूप लावणे परवडत नव्हते. पेटीच्या आतच बसणारी कुलपाची रचना सुचवली ती नथालाल पांचाळ या कारखान्यातल्या कामगाराने, आणि ती स्वीकारली गेली.

मनुष्यबळ विकासाच्या चर्चेत मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पांचाळांना हे सुचले त्यामागे कोणता अभ्यासक्रम नव्हता, पण काही तरी निश्चित होते. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून कुलूप कसे अडते, कसे सुटते, कुठे झिजते याची जाण त्या कारखान्यात एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. ती जाण कामगारापर्यंत पोचली होती, आणि त्याला सुचलेली गोष्ट वर ऐकून घेतली गेली. प्रशिक्षण म्हणून आपण जे जे करतो त्याचे सार या दोन गोष्टींत आहे. माझे म्हणणे इतकेच, की कर्मचाऱ्यांचा विकास वर्गखोलीत किंवा संगणकाच्या पडद्यावर फार थोडा होतो. तो होतो जाणत्या माणसाच्या वेळातून. हा वेळ संस्था राखून ठेवते का, त्याचे मोल देते का, आणि शिकणाऱ्याला पुढचा रस्ता दाखवते का, यावर तिची पारख व्हावी.

विक्रोळी हे याविषयी बोलण्यासाठी योग्य ठिकाण आहे. पिरोजशा गोदरेज यांनी 1943 मध्ये इथली विस्तीर्ण जमीन लिलावात घेतली. पुढे इथे पिरोजशानगर उभे राहिले: कारखाने, कामगारांची घरे, दवाखाना आणि 1955 पासून उदयाचल ही शाळा. त्याच 1955 मध्ये गोदरेजने पहिले भारतीय बनावटीचे टाइपरायटर बाजारात आणले. टाइपरायटर म्हणजे शेकडो बारीक भागांचा मेळ. एक दांडी केसभर वाकडी झाली तरी अक्षर ओळ सोडते. तोवर तिजोऱ्या आणि कपाटे करणाऱ्या हातांना ही नजाकत शिकावी लागली.

त्या यंत्राने विक्रोळीबाहेरही एक मोठी शाळा उघडली. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मुलामुलींच्या कितीतरी पिढ्या अशा यंत्रांवर बसल्या, मराठी तीस, इंग्रजी चाळीस असा वेग गाठत सरकारी परीक्षा देत राहिल्या आणि तालुक्याच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत पोचल्या. घरातली पहिली पगारदार मुलगी अनेक मराठी कुटुंबांना याच वाटेने मिळाली. 2009 च्या सुमारास गोदरेजचे टाइपरायटरचे उत्पादन थांबले. विक्रोळीत मात्र अचूकपणाची परंपरा थांबली नाही. इस्रोच्या प्रक्षेपकांना लागणारी ‘विकास’ इंजिने आज इथे घडतात. यंत्र कालबाह्य होते, पण बारीक काम अचूक करण्याची शिस्त संस्थेत मुरलेली असेल तर ती नव्या वस्तूत उतरते. म्हणून माणसाला नुसते एक यंत्र चालवायला शिकवणे अपुरे आहे. त्या यंत्रामागची समज त्याला देणे हेच खरे प्रशिक्षण.

ही समज कशी येते ते फिटर ट्रेडच्या पहिल्या महिन्यांत पाहता येते. आयटीआयमधल्या मुलाला लोखंडाचा ठोकळा आणि कानस दिली जाते. व्हाइसमध्ये जॉब पकडायचा आणि पृष्ठभाग सपाट करायचा. दिवसभर घासून खांदे भरून येतात, आणि मुलाला वाटते, झाले. मग निदेशक गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरतात. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली की जॉब परत. एका कोपऱ्यात ती रेघ येते, कारण कानस पुढे ढकलताना मुलाचा डावा हात खाली झुकतो. निदेशक त्याच्या मागे उभे राहतात, त्याच्या कोपराला हात लावतात, पाय थोडे फाकवून उभे राहायला सांगतात. पुस्तकात लिहिलेले वाक्य त्या क्षणी अंगात उतरते. हे करायला वेळ लागतो, आणि एका वेळी एकालाच शिकवता येते. म्हणून ते महाग आहे. पैसे वाचवायचे ठरले की पहिली कात्री याच वेळाला लागते.

हेच ज्ञान पद्धतशीर करण्याचा मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत झाला. कुशल कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत लाखो नवखे हात आले. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमात पर्यवेक्षकांना शिकवायचे कसे ते शिकवले गेले. शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम दाखवा आणि समजावून सांगा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा, अशा चार पायऱ्या. आधी काम तुकड्यांत मांडा आणि प्रत्येक तुकड्यातली कळीची जागा ओळखा. युद्धानंतर हे जपानमध्ये गेले आणि टोयोटासारख्या कंपनीच्या कामाच्या रीतीत मुरले. भारतातही आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने ते आले. या पद्धतीचा गाभा असा, की उत्तम काम करणारा माणूस आपोआप उत्तम शिक्षक होत नाही. त्यालाही शिकवणे शिकावे लागते.

मुंबई या विचाराला अपरिचित नव्हती. टाटांच्या देणगीतून 1936 मध्ये सुरू झालेल्या समाजकार्याच्या शाळेतून, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, कामगार कल्याणाचे काम करणारी पहिली पिढी बाहेर पडली. 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. 1963 मध्ये पवईच्या टेकडीवर, विहार तलावाजवळ, औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी ‘नीटी’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. 2023 पासून ती आयआयएम मुंबई आहे. कल्याण अधिकाऱ्याचा पुढे पर्सोनेल मॅनेजर झाला, त्याचा एचआर मॅनेजर, आणि आता मोठ्या कंपन्यांत ‘लर्निंग अँड डेव्हलपमेंट’ हा स्वतंत्र विभाग असतो. या प्रवासात ज्ञान वाढले, साधने वाढली. पण कारखान्याच्या जमिनीपासूनचे अंतरही वाढले, याची मला खंत वाटते.

आजचे प्रशिक्षण बहुधा असे असते: वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विभागाकडून गरजांची यादी मागवली जाते, मार्चअखेर तास भरायचे असतात, बाहेरचे प्रशिक्षक दोन दिवस येतात, शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेतला जातो. सत्र आवडले का, प्रशिक्षक कसे होते, जेवण कसे होते. डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या होत्या: लोकांना ते कसे वाटले, ते काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचे वागणे बदलले का, आणि त्यातून संस्थेचे काय साधले. पहिली पातळी मोजणे सोपे, म्हणून बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच थांबते. तिसरी पातळी मोजायची तर तीन महिन्यांनी त्या माणसाच्या कामाच्या जागी जाऊन उभे राहावे लागते. त्याचा वरिष्ठ त्याला नवे काही करू देतो का, हेही पाहावे लागते. वरिष्ठ जुन्याच रीतीला चिकटून असेल तर शिकलेले आठवड्यात विरते आणि खापर मात्र प्रशिक्षणावर फुटते.

व्यवस्थापकांचा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. शिकवावे आणि माणसाने शेजारच्या कंपनीत जावे, मग आम्ही खर्च का करायचा? गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने 1964 च्या आपल्या ग्रंथात याची नेमकी मांडणी केली. जे कौशल्य सगळीकडे चालते त्याचा खर्च मालक सहसा उचलणार नाही. जे त्याच संस्थेत उपयोगी पडते त्याचाच उचलेल. तर्क बरोबर आहे, म्हणूनच एकट्या कंपनीवर हा भार टाकून चालत नाही. सगळ्यांनी मिळून शिकवले तर एकाकडचा माणूस दुसऱ्याकडे गेला तरी एकूण भांडवल त्या शहरातच राहते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तयार कारागीर तिथे मिळणे शक्यच नव्हते. आसपासच्या खेड्यांतली माणसे त्यांनी घडवली. त्यांतली काही सोडून जातील या भीतीने त्यांनी माळ ओसाड ठेवला नाही.

जर्मनीने हा प्रश्न कायद्याने सोडवला. तिथला शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. हे साधारण दोन ते साडेतीन वर्षे चालते. परीक्षा उद्योगांच्या चेंबरमार्फत होते, त्यामुळे प्रमाणपत्र देशभर चालते. आणखी महत्त्वाचे म्हणजे, उमेदवार घडवणाऱ्या प्रशिक्षकाला आपण शिकवू शकतो हे सिद्ध करणारी परीक्षा द्यावी लागते. जाणत्या कारागिराच्या शिकवण्याला तिथे पदाची आणि परीक्षेची प्रतिष्ठा आहे.

आपल्याकडेही 1961 चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. आजच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात, आणि या मोजणीत कंत्राटी कर्मचारीही धरतात. पण कायद्याने उमेदवाराला कामगार मानलेले नाही, आणि मूळ कायद्यात प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधनही नव्हते. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले, की बाकी सारे समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य द्यावे. 2014 च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण ठरवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. तरीही आजही अनेक ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हेल्पर. एक तुकडी गेली की दुसरी येते. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: सहा महिने काम आणि शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपये. हजारो तरुण तिच्यात गेले आणि मुदत संपत आल्यावर पुढे काय हा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न रास्त आहे. पुढचा रस्ता नसलेले प्रशिक्षण म्हणजे लांबवलेली बेकारी.

आणि ज्यांच्यापर्यंत प्रशिक्षण पोचतच नाही त्यांचे काय? भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कित्येक कारखाने बंद झाले, तिथे मॉल, कार्यालये आणि मनोरे आले. कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइटमधली मुले आज तिथे सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, गोदामातली मांडणी, घरपोच सामान अशी कामे करतात. आजोबांना कारखान्यात हेल्परचा फिटर आणि फिटरचा सुपरवायझर होता आले. नातवाला कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी बदलताना दिसतो, आणि त्याचे सारे प्रशिक्षण मोबाइलवरच्या एका व्हिडिओत आटोपते. तो हुशार नाही असे नाही. त्याच्या शिडीला वरच्या पायऱ्याच ठेवलेल्या नाहीत.

यावर उपाय आहेत, आणि ते आवाक्यातले आहेत. सेबीच्या नियमांमुळे देशातल्या सर्वांत मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना आता शाश्वतता अहवालात किती कर्मचारी आणि कामगारांना प्रशिक्षण दिले ते जाहीर करावे लागते. त्यात आणखी तीन आकडे मागावेत. जाणत्या कामगारांचा आणि पर्यवेक्षकांचा किती वेळ शिकवण्यासाठी राखून ठेवला आणि त्या वेळात उत्पादनाचे लक्ष्य कमी केले का. शिकाऊ उमेदवारांपैकी किती जणांना त्या किंवा दुसऱ्या आस्थापनेत त्यांच्या ट्रेडचे काम मिळाले. आणि कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना वरच्या कामाचे शिक्षण मिळाले. शिवाय निवृत्तीला आलेल्या प्रत्येक कुशल कामगाराला शेवटचे वर्ष पूर्ण पगारावर फक्त शिकवण्यासाठी मोकळे ठेवावे, आणि त्याला शिकवण्याचे शिक्षण द्यावे. मनुष्यबळ विभागाने सत्रांच्या तासांऐवजी हे आकडे आपल्या कामाचे माप मानावेत.

1951 मध्ये विक्रोळीच्या त्या कामगाराची सूचना ऐकली गेली, कारण ती मांडण्याइतके ज्ञान त्याच्यापर्यंत पोचू दिले होते. आज कारखान्यांत, गोदामांत, इस्पितळांत अशी सुचण्याची ताकद असलेली माणसे आहेत. त्यांच्या आणि ज्ञानाच्या मध्ये आपण कंत्राट, घाई आणि हजेरीपत्रक उभे केले आहे. ते बाजूला करणे हे मनुष्यबळ विकासाचे पहिले काम आहे, आणि ते ज्यांच्या हातात अंदाजपत्रक असते त्यांनीच करायचे आहे.