आभासी खेळ आणि खरे मन

‘आभासी वास्तव’ हा शब्द हल्ली पोरांच्या तोंडी ऐकू येतो. न्याय शिकलेला मनुष्य तो ऐकून प्रथम हसेल. आभास म्हटला की वास्तव नव्हे, वास्तव म्हटले की आभास नव्हे. हा तर ‘माझी आई वांझ’ म्हणण्याचाच प्रकार! वेदान्त्याला मात्र तितके हसू येणार नाही. त्याच्या घरी प्रातिभासिक सत्तेचा एक खण पूर्वीपासूनच राखलेला आहे. दोरीवर दिसणारा साप त्या खणातला.

यंत्र म्हणाल तर डोळ्यांवर पट्ट्याने बांधावयाची एक पेटी, सुमारे अर्धा किलो वजनाची. आत दोन भिंगे. प्रत्येक डोळ्यास किंचित निराळे चित्र दिसते आणि दोन्ही मिळून मनाला खोली भासते. मान वळविली की चित्रही वळते. 1968 च्या सुमारास अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी अशा तऱ्हेचे यंत्र केले, ते छताला टांगलेले असे. आता पनवेलीतले पोरही ते डोक्याला बांधून घरातल्या घरात राक्षस मारते.

चित्रांची माया आपल्याकडे नवी नव्हे. येथून जवळच कल्याणास महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 साली काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर हलती दाखविली. खेळाचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. शंबर म्हणजे तो मायावी असुर; म्हणजे ही माया आहे हे नावातच सांगून टाकले होते! शिवाय तेथे शेजारी बसलेला मनुष्य दिसत असे. या पेटीत प्रथम नाहीसा होतो तो शेजारी.

एका तरुणाने मला विचारले, “बुवा, तिथं कोण मरतंय? खेळच खोटा, मग पाप कसलं?” पूर्वपक्ष बळकट आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

योगवासिष्ठात लवण राजाची कथा आहे. भर सभेत एका ऐंद्रजालिकाने मोरपिसांचा कुंचा फिरविला आणि राजा सिंहासनावरच निश्चल झाला. तेवढ्यात तो घोड्यावर बसून रानात भरकटला, भुकेपायी चांडाळकन्येशी लग्न लावून बसला, पोरेबाळे झाली, वर्षे लोटली, दुष्काळ पडला, आणि शेवटी भुकेल्या पोरासाठी आगीत उडी घालावयास निघाला. डोळे उघडतो तो सभा तशीच! असे का झाले? वसिष्ठ सांगतात, लवणाने पूर्वी राजसूय यज्ञ केला होता, पण मनातल्या मनात. राजसूय करणाराच्या वाट्याला दुःख येतेच. यज्ञ मानसिक, म्हणून दुःखही मानसिक आले. समिधा खोट्या होत्या, पण यज्ञ करणारे मन खोटे नव्हते. त्या तरुणाला हेच उत्तर: राक्षस खोटा असेल, तुझ्या हातातला आवेश कोणाचा?

याची दुसरी बाजूही पाहा, कारण ती गोड आहे. अमेरिकेत सिॲटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रोग्यांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा असाच खेळ वापरला. जखमा धुताना, पट्ट्या बदलताना रोगी बर्फाच्या दरीत हिमगोळे फेकीत असतो. त्या वेळी वेदना कमी जाणवल्याचे रोग्यांनी सांगितले. बर्फाचा एक कण तेथे नाही, आराम मात्र खरा. आता जो हा गुण मान्य करील त्याला दुसरेही मानावे लागेल. आराम पेटीबाहेर येतो आणि क्रूरपणा तेवढा आत राहतो, असा न्याय कोठला?

म्हणून सगळ्याच खेळांना एका मापाने मोजणे मला पटत नाही. 2018 साली निघालेल्या ‘बीट सेबर’मध्ये गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे तलवारीने कापावयाचे असतात. त्यात पोर घामाघूम होते; होऊ द्या! तालाचे अंग असले तर टाळकऱ्यांत उभे करता येईल. कित्येकांना पेटी लावल्यावर मळमळते. डोळे म्हणतात धावतो आहेस, कानातली तोल राखणारी रचना म्हणते जागचा हललेला नाहीस. शरीराला लबाडी कळते आणि ते कुरकुर करते. मनाची अशी कुरकुर फार हळू आवाजात असते.

मेटा कंपनीने आपल्या पेटीसाठी तेरा वर्षांची अट ठेवली होती. 2023 पासून दहा वर्षांच्या मुलालाही आईबापांच्या संमतीने ती वापरता येते. संमती द्यायला बापाला क्षणही लागत नाही. पोर आत काय करते ते बाहेरच्याला दिसत नाही खरे, पण तेच चित्र मोबाइलवर वा टीव्हीवर उमटविण्याची सोय त्यात असते. ती लावावी आणि दहा मिनिटे पोराच्या शेजारी बसावे.