मातीला कान देताना

बसा थोडे. बांधावरच बसा.

पंचगंगेकाठचं रान. ऊस नुकताच तुटून गेला आहे, पाला कडेला ओढला आहे, सऱ्या उघड्या आहेत. पलीकडे प्रयाग चिखली. तिथे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती भेटतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. तिला कुणी पाहिलेलं नाही, पण मोजताना तिला कुणी वगळतही नाही.

श्वास घ्या. सोडा.

मांडीवर मेटल डिटेक्टर आहे. याच रानात भांगलताना आईच्या पायातलं चांदीचं जोडवं पडलं. ते शोधायचं आहे. पण अजून नाही.

आधी दांड्याच्या टोकाची जुनी कॉइल काढा.

बोल्ट सैल करा. तो प्लास्टिकचा आहे. लोखंडाचा असता, तर कॉइलला सगळ्यांत आधी तोच ऐकू आला असता. आता नवी कॉइल बसवा. रबरी वायसर जागेवर आहेत का, बोटांनी चाचपा. वायर दांड्याभोवती गुंडाळत वर न्या. लोंबती वायर हलली, की खोटा आवाज येतो.

आता अंगावरचा धातू उतरवा. अंगठी, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या. सगळं बांधावर ठेवा.

हात हलके झाले? तसेच राहू द्या.

नव्या कॉइलकडे पाहा. वरून नुसती काळी चकती. आतलं डोळे मिटून पाहा. तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या, पाठीला पाठ लावलेल्या, मध्ये जराशा एकमेकींवर आलेल्या.

एक बोलते. एक ऐकते.

बोलणारीतला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो आणि तिचं चुंबकी क्षेत्र जमिनीत उतरतं. ऐकणारी मात्र अशा नेमक्या जागी बसवलेली, की शेजारणीचा आवाज तिच्याशी येऊन जवळजवळ शून्य होतो. इतकं जवळचं तिला ऐकू येत नाही, म्हणून खालचं बारीक ऐकू येतं. या सगळ्या यंत्रात मला हीच जागा सर्वांत सुंदर वाटते.

इथे थांबा. या शून्यापाशी थोडा वेळ राहा.

खाली धातू असला, की त्याच्या अंगात प्रवाहाचे भोवरे उठतात, पुलाच्या खांबामागे पंचगंगेत उठतात तसे. त्या भोवऱ्यांचं इवलंसं क्षेत्र वर येतं. जरा उशिरा येतं. खिळ्याचा उशीर वेगळा, चांदीचा वेगळा.

किती थोडा उशीर. त्याची वाट पाहा.

उभे राहा. हेडफोन कानावर घ्या.

जोडव्याचा विचार नको. आधी माती ऐका. बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती. तिच्यात लोहचुंबकी कण आहेत, म्हणून ती गप्प नसते. मोठी कॉइल खोल जाते हे खरं, पण मग तिला मातीही जास्त ऐकू येते. खोलीच्या हौसेनं फार मोठी घेऊ नका. 15 इंची कॉइलखालून जोडव्याएवढी वस्तू सहज निसटते. इथे 11 इंची पुरे.

नवी कॉइल आली, की मातीशी नव्यानं जुळवून घ्यायचं.

कॉइल गुडघ्यापर्यंत उचला. जमिनीपर्यंत आणा. उचला. आणा. गुरगुर येते आहे, येऊ द्या. माती जुळवायचं बटण अगदी हळू फिरवा.

उचलताना श्वास आत. आणताना बाहेर.

गुरगुर विरते आहे. पुन्हा एकदा. माती आता एकसारखी ऐकू येते.

मनानं नदीबरोबर खाली कोल्हापूरला जा. तिथे ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी ती थराथरानं उकलली आणि सातवाहनकाळची वस्ती उजेडात आली. याच टेकडीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची रोमन कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभरही नाही. समुद्रापलीकडून आली आणि या मातीत शतकानुशतकं राहिली.

तिथे कॉइल नेऊ नका. वस्तू थरातून उपटली, की तिचा काळ मातीतच राहून जातो. आणि जमिनीत जुनं धन लागलं, तर दहा रुपयांवरचं असलं तरी ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं 1878 चा कायदा सांगतो. त्या टेकडीकडे नुसतं पाहा. हात रिकामे ठेवून पाहा.

आता आपल्या सरीत परत या.

कॉइल जमिनीला समांतर, बोटभर वर. डावीकडून उजवीकडे. सावकाश.

खालच्या पट्टीतला, तुटका आवाज. औताचा खिळा असेल. असू दे.

पुढे.

हा वेगळा. आखूड, स्वच्छ, वरच्या पट्टीतला. काटकोनात वळून त्याच जागेवरून कॉइल फिरवा. तिथेच येतो? तसाच येतो?

जोडवं असेल. बाटलीचं झाकण असेल. अजून कळलेलं नाही. खुरप्याकडे हात नको. तीन श्वास याच न कळण्यात उभे राहा.

मग कडेकडेनं माती काढा.

झाकण निघालं, तर खिशात टाका. माती परत लोटा, पायानं दाबा आणि पुढची पट्टी घ्या. निम्मी कॉइल मागच्या पट्टीवर येऊ द्या, मध्ये रान सुटायला नको.